प्रश्न मराठीत, पण कुणाच्या मराठीत?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. दिवाळी होऊन गेली होती, कापसाची वेचणी जोरात होती आणि त्यामुळे दवाखान्यात गर्दी बेताचीच होती. बार्शीटाकळीजवळच्याच एका खेड्यातल्या आजी सुनेला घेऊन ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला आल्या. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने वाळलेल्या, पण बोलायला खणखणीत.

त्या दिवसांत माझ्या टेबलावर एक कागद असे. म्हातारपणी अंगावरचे मांस आणि ताकद प्रमाणाबाहेर कमी होत आहे काय, हे पाच प्रश्नांत ओळखण्याची ती प्रश्नावली. मूळ इंग्रजी. एका संध्याकाळी बसून मीच तिचे मराठी करून टाकले होते. शाळेत मराठीत बरे गुण मिळत असल्यामुळे भाषांतराची मला काही काळजी वाटली नव्हती.

“साडेचार किलो वजन उचलताना व वाहून नेताना आपणास कितपत अडचण येते?” मी विचारले. आजींनी सुनेकडे पाहिले, सून पदराआड हसली. “आता कायची अडचन जी या वयात!” आजी म्हणाल्या. मी शून्य मांडले. “खोलीत चालताना अडचण?” “नाई जी.” शून्य. “खुर्चीतून उठताना?” “आमच्या घरी खुर्ची कोठी आहे?” शून्य. “दहा पायऱ्यांचा जिना चढताना?” “जिनाच नाई, सपाट घर आहे.” शून्य. “गेल्या वर्षभरात किती वेळा पडलात?” “पडली नाई.” शून्य. बेरीज शून्य. आजी ठणठणीत आहेत असे समाधान मानून मी गोळ्या लिहून दिल्या.

पौषातल्या एका पहाटे त्यांचा मुलगा दारात उभा होता. अंथरुणातून उठून बाहेर जाताना आजी पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. त्यांना अकोल्याला पाठवण्याची खटपट चालू असताना सून सहज बोलून गेली, “पोयापासून तीनदा झालं असं डाक्टरसाहेब. एकदा न्हानीत घसरली, एकदा बाजेवरून उठता उठता बसली, एकदा गोठ्यात तोल गेला.” मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो, “मग तेव्हा सांगितले का नाही?” ती शांतपणे म्हणाली, “तुमी पडली काय म्हून इचारलं. ते पडनं थोडीच होय!”

तिचे बरोबर होते. घसरणे वेगळे, बसणे वेगळे, तोल जाणे वेगळे आणि पडणे वेगळे. माझ्या कागदाला मात्र हे चारही एकच होते. पुढे तेच पाच प्रश्न मी सुनेला तिच्या भाषेत विचारले. दळणाचा डबा आजींना उचलतच नव्हता, घरात त्या भिंतीला धरून चालत, खाली बसले की हात टेकल्याशिवाय उठणे होत नसे, देवळाच्या पायऱ्या त्यांनी सोडून दिल्या होत्या आणि पडणे तर तीनदा झालेले. बेरीज सात झाली. चार किंवा त्याहून जास्त गुण आले की सावध व्हावे असा या प्रश्नावलीचा नियम आहे. मी शून्य लिहिले होते. दुखणे आजींच्या पायात होते, पण चूक माझ्या मराठीत होती.

शब्द ग्रीक, दुखणे घरचे

या दुखण्याला ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. अमेरिकेतील आयर्विन रोझेनबर्ग या वैद्यकतज्ज्ञांनी १९८९ साली हे नाव सुचवले. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे दारिद्र्य, उणीव. मांसाचे दारिद्र्य! तिशी ओलांडली की प्रत्येकाचेच मांस दर दहा वर्षांनी साधारणतः शेकडा तीन ते आठ या प्रमाणात घटते आणि साठीनंतर ही घट वेग धरते. ताकद तर मांसापेक्षाही लवकर उतरते. काहींच्या बाबतीत ही उतरण इतकी होते की माणूस उठता-बसता लटपटतो, पडतो, हाड मोडते आणि अंथरूण धरतो. ‘वय झाले’ म्हणून आपण ते सोडून देतो. पण २०१६ पासून अमेरिकेतील रोगांच्या अधिकृत यादीत या अवस्थेला स्वतंत्र क्रमांक मिळाला आहे आणि आशियाई देशांतील तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली आपल्यासारख्या बांध्याच्या लोकांसाठी वेगळे निकषही ठरवले आहेत. तात्पर्य, हे नुसते वय नव्हे. वेळीच ओळखले तर बरेचसे सावरता येणारे हे दुखणे आहे.

ओळखायला यंत्रे आहेत, पण ती तालुक्याला नाहीत. म्हणून प्रश्नावल्या निघाल्या. पाच प्रश्नांची, जी माझ्या टेबलावर होती, ती २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. वजन उचलणे, घरात चालणे, खुर्चीतून उठणे, दहा पायऱ्या चढणे आणि पडणे अशा पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण. दुसरी मोठी प्रश्नावली बेल्जियममधील लिएज विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली फ्रेंच भाषेत तयार केली. तिच्यात २२ प्रश्नांत ५५ गोष्टी विचारल्या आहेत. या झिजेने माणसाच्या रोजच्या जगण्यावर, कामावर, मनावर काय परिणाम झाला, याचे माप ती शंभरपैकी गुणांत देते.

या प्रश्नावल्या पुढे अनेक भाषांत गेल्या, ग्रीक भाषेतही गेल्या. मला याची मोठी गंमत वाटली. रोगाचे नावच मुळी ग्रीक. तिथल्या माणसाला ‘सार्क्स’ आणि ‘पेनिया’ काय ते शिकवावे लागत नाही. असे असूनही त्यांनी कागद उचलला आणि शब्दाला शब्द ठेवला, असे केले नाही. जगात याची एक रीत ठरलेली आहे. दोन निरनिराळ्या माणसांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचे, त्यातला एक वैद्यकातला आणि दुसरा वैद्यकाशी संबंध नसलेला. दोन्ही भाषांतरे ताडून एक करायचे. मग ज्यांनी मूळ प्रश्नावली पाहिलेलीच नाही अशा माणसांकडून ते पुन्हा मूळ भाषेत उलटवून घ्यायचे. मूळ आणि उलटवलेले यांत फरक पडला तर कुठे घसरलो ते कळते. जाणत्यांच्या समितीने त्यावर बसायचे. नंतर तीस-चाळीस रुग्णांना प्रश्न विचारून प्रत्येकाला पुसायचे, ‘तुम्हाला यातून काय समजले?’ एवढे झाल्यावरही त्याच माणसाला काही दिवसांनी तेच प्रश्न विचारून उत्तर तेच येते का, हे पाहायचे.

ही रीत वाचली आणि माझी ती एका संध्याकाळची मर्दुमकी आठवून मला लाज वाटली.

भिगवणने घालून दिलेला धडा

हे सारे परदेशातच होते असे कोणी समजू नये. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावात डॉ. अरविंद चोपडा यांच्या नेतृत्वाखाली सांधेदुखीची घरोघर पाहणी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने निरनिराळ्या देशांत चाललेल्या मोहिमेचा तो एक भाग होता. चार हजारांवर प्रौढ स्त्री-पुरुषांची पाहणी झाली. प्रश्न मराठीत होते, विचारायला घरोघर कार्यकर्ते गेले आणि दुखणारी जागा दाखवायला कागदावर माणसाच्या शरीराचे चित्र होते. ज्याला ‘मणका’ आणि ‘खुबा’ यांतला फरक सांगता येत नाही, त्याला चित्रावर बोट ठेवता येते. साधी युक्ती, पण खेड्यातल्या माणसाचा मान राखणारी.

सांधेदुखीच्या रुग्णाला रोजची कामे किती जमतात, हे मोजणारी अमेरिकन प्रश्नावली भारतात आणली तेव्हाही हाच विचार झाला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या भारतीय रूपात साडी किंवा धोतर नेसता येते का, मांडी घालून किंवा उकिडवे बसता येते का, ऑटोरिक्षात चढता-उतरता येते का, भाजीबाजार करता येतो का, असे प्रश्न आले. हेतू तोच राहिला, फक्त तो आपल्या घरात येऊन बसला.

हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांत वृद्धांची स्मरणशक्ती तपासताना तर निरक्षरांचा प्रश्न होता. मूळ इंग्रजी चाचणीत एक वाक्य लिहून दाखवा, असे सांगतात. ज्याने पाटी-पेन्सिल हाती धरली नाही तो नापास होणार, मग त्याची बुद्धी कितीही तल्लख असो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी रूपात लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल एक वाक्य बोलायला सांगितले. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील ७२ हजारांवर लोकांची वार्धक्यविषयक पाहणी केली, तीही राज्याराज्यांच्या भाषांतून झाली आणि तीत हाताच्या मुठीचा जोरही यंत्राने मोजला गेला. म्हणजे आपल्याकडे हे ज्ञान नाही असे नाही. ते बार्शीटाकळीच्या दवाखान्यापर्यंत आणायचे राहिले आहे.

आपल्या मातीतले पाच प्रश्न

आजींच्या प्रसंगानंतर मी तो कागद फाडला आणि नव्याने बसलो. या वेळी एकटा बसलो नाही. दोन आशाताई, एक निवृत्त शिक्षक आणि उर्दू शाळेतल्या एक बाई असे आम्ही चार-पाच रविवार दवाखान्यात चहा पीत भांडलो. हे काही संशोधन नव्हे, पण त्यात जे शिकलो ते सांगण्यासारखे आहे.

पहिली ठेच ‘अडचण’ या शब्दाची. पुस्तकात त्याचा अर्थ सरळ आहे. पण आपल्या आया-बहिणी मासिक पाळीला ‘अडचण’ म्हणतात. सत्तरीच्या आजींना डॉक्टर विचारतो, अडचण आहे का! सून का हसली ते मला तेव्हा कळले नाही. ‘त्रास’ म्हणावे तर माणूस दुखण्याबद्दल सांगू लागतो. शेवटी आशाताईंनीच शब्द दिला, “जड जाते काय?” हा शब्द सर्वांना कळतो, त्यात लाज नाही आणि त्याला ‘थोडं जड’, ‘लय जड’, ‘होतच नाही’ अशी उतरंडही आपसूक लागते. मूळ प्रश्नावलीला नेमकी हीच उतरंड हवी असते.

दुसरी ठेच वजनाची. मूळ प्रश्नात दहा पौंड आहेत, त्याचे साडेचार किलो होतात. पण साडेचार किलो कोणी हातात तोलून पाहिले आहेत? गुंडभर पाणी म्हणावे तर ते फार जड. आमच्या शिक्षकांनी तोड काढली, ‘गिरणीवरून पाच किलोचे दळण आणणे’. पाच किलोचा डबा प्रत्येक घरात आहे आणि त्याचा भार प्रत्येक बाईच्या हाताला ठाऊक आहे. इथेच आणखी एक फसगत होते. “ते काम सून करते” असे उत्तर आले की आपण ‘जड जात नाही’ असे लिहितो. वास्तविक जड जाते म्हणूनच तर सून करते! तेव्हा पुढचा प्रश्न ठरला, “सून घरी नसली आणि तुमालेच आनावं लागलं तर?” जे करत नाही आणि जे करू शकत नाही, यांतला फरक या एका वाक्याने उलगडतो.

तिसरी ठेच खोलीची आणि खुर्चीची. आपल्याकडे कित्येकांची खोली चार पावलांची. चार पावले भिंत धरून कोणीही जातो. म्हणून आम्ही विचारू लागलो, “बाजेपासून न्हानीपर्यंत काही न धरता जाता काय?” आणि खुर्चीऐवजी “बाजेवरून उठताना हात टेकावा लागते काय?” जमिनीवरून उठणे विचारावे काय, यावर आमचा बराच वाद झाला. जमिनीवरून उठणे खुर्चीपेक्षा अवघड आहे. तेच गुणांत धरले तर गुडघेदुखीचा प्रत्येक माणूस आजारी ठरेल आणि आमची बेरीज जगातल्या कुणाच्याही बेरजेशी जुळणार नाही. खुर्चीच्या उंचीच्या जवळची वस्तू म्हणजे बाज, म्हणून बाजच ठेवली. जमिनीवरचे उठणे वेगळे विचारतो, पण त्याचे गुण धरत नाही.

चौथी ठेच जिन्याची. बार्शीटाकळीत माडीची घरे आहेत, पण सगळ्यांची नाहीत, आणि खेड्यात तर सपाट घरेच जास्त. ‘जिना नाही’ म्हणजे ‘चढता येतो’ असे नव्हे. कालंका देवीच्या हेमाडपंती देवळाला जाणारा माणूस पायऱ्या ओळखतो. बँकेच्या, शाळेच्या, आपापल्या गावच्या पाराच्या पायऱ्याही असतात. एसटीची उंच पायरी तर सर्वांना ठाऊक आहे, पण ती एकच, तिच्यावर दहा पायऱ्यांचे माप निघत नाही. म्हणून त्या माणसाच्या ओळखीच्या दहा पायऱ्या आधी शोधायच्या आणि मग प्रश्न विचारायचा.

पाचवी आणि सर्वांत मोठी ठेच पडण्याची. आपल्या माणसाला पडणे कबूल करायला आवडत नाही. पडलो असे म्हटले की मुले शेतात जाऊ देत नाहीत, बाहेर फिरू देत नाहीत. म्हणून तो ‘बसलो’ म्हणतो, ‘घसरलो’ म्हणतो, ‘चक्कर आली’ म्हणतो. उर्दू शाळेच्या बाईंनी सांगितले की त्यांच्या मोहल्ल्यातही ‘गिरे क्या’ विचारले तर ‘नहीं’ येते आणि ‘फिसले क्या’ विचारले तर ‘हाँ’ येते. म्हणजे ठेच दोन्ही भाषांत एकाच दगडाची! तेव्हा पडलात का, घसरलात का, तोल जाऊन खाली बसलात का, असे तिन्ही विचारायचे. तेही ‘वर्षभरात’ असे नव्हे. वर्ष कॅलेंडरचे नसते, सणांचे असते. पोळ्याच्या सुमारास विचारत असू तर ‘मागच्या पोयापासून’, आखाजीच्या सुमारास असू तर ‘मागच्या आखाजीपासून’. माणूस मनातल्या मनात सण मोजतो आणि बरोबर आठवतो.

रोगाच्या नावाचेही असेच. पुस्तकी ‘मांसक्षय’ म्हटले की ‘क्षय’ एवढेच ऐकू येते आणि घरात टीबीची भीती शिरते. ‘वीकनेस’ म्हटले की माणूस बाही वर करून सलाईन मागतो. आम्ही म्हणतो, “हातापायाचं मांस उतरलं.” एवढे पुरते.

‘अशाने जगाशी मेळ कसा बसणार?’

माझे एक डॉक्टर मित्र या सगळ्यावर हसले. त्यांचे म्हणणे असे की प्रत्येक तालुका आपापले प्रश्न करू लागला तर अकोल्याचा आकडा अमरावतीशी जुळणार नाही, मग अथेन्सशी काय जुळणार? आक्षेप खोटा नाही. प्रश्नावली ही मापपट्टी आहे आणि प्रत्येकाने आपली पट्टी कापली तर मोजणेच संपले. पण मी उलट विचारतो, माझ्या कागदावरचे ते शून्य कोणत्या जगाशी जुळत होते? शब्द तेच ठेवून अर्थ निसटला तर तो मेळ नुसता कागदावरचा. अर्थ तोच ठेवून शब्द बदलले, आणि ते रीतीप्रमाणे तपासून घेतले, तरच मेळ खरा. म्हणूनच हे काम एकेका डॉक्टरने संध्याकाळी बसून करायचे नाही. आमचे रविवारचे शब्दही जोवर रीतीने तपासले जात नाहीत तोवर ती केवळ दवाखान्यातली सोय आहे, हे मी मान्य करतो.

दुसरा आक्षेप शुद्ध मराठीवाल्यांचा. त्यांना वाटते प्रमाण मराठी सर्वांना समजते. समजते, पण कोणाला? वर्तमानपत्र वाचणाऱ्याला समजते. ज्या आजी शाळेत गेल्याच नाहीत, ज्यांच्या तोंडी ‘बार्शीटाकळी’चे ‘बार्शीटाकयी’ होते, त्यांच्यासमोर हा कागद वाचून दाखवला जातो. त्यांना तो डोळ्यांनी नव्हे, कानांनी कळायचा असतो. आपल्या तालुक्यात तांड्यांवर बंजारा बांधव आहेत, मोहल्ल्यांत उर्दू बोलणारे आहेत. मराठी प्रश्नावली पुण्या-मुंबईला तयार झाली तर आनंदच आहे, पण ती वऱ्हाडात, खानदेशात, कोकणात वृद्धांना ऐकवून पारखल्याशिवाय ‘मराठी’ म्हणू नये, एवढेच माझे म्हणणे.

तिसरी गोष्ट आशाताईंची. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा एक तपासणी-तक्ता त्या घरोघर जाऊन भरतात. त्यात साठीच्या पुढच्यांसाठी उभे राहताना-चालताना तोल जातो का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, अशा अर्थाचे प्रश्न आहेत. छापील वाक्य समोरच्याला कळले नाही की आशाताई ते तिथल्या तिथे आपल्या बोलीत फिरवते. खरी भाषांतरकार तीच! पण तिने कोणता शब्द वापरला हे कोणी लिहून घेत नाही, आणि तिला कोणी विचारतही नाही. एका गावची ताई ‘डगमगता काय’ विचारते, दुसऱ्या गावची ‘चक्कर येते काय’ विचारते, आणि दोघींचे आकडे एकाच रकान्यात जाऊन बसतात. माझी सूचना साधी आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी प्रबंधासाठी प्रश्नावल्या वापरतात. त्यांनी आधी एक महिना आशाताईंच्या मागे फिरावे, त्यांचे शब्द टिपावेत, मग समिती बसवावी. समितीत एक निरक्षर आजी आणि एक आजोबाही असावेत. त्यांच्याइतका कडक परीक्षक दुसरा नाही.

घरच्या घरी काय करावे?

आता वाचक विचारतील, डॉक्टर, आम्ही काय करावे? एक तपासणी अशी आहे की तिला भाषाच लागत नाही. जपानमध्ये ती पुष्कळ वापरतात. आई-वडिलांना खुर्चीवर किंवा बाजेवर पाय खाली सोडून बसवा, पावले जमिनीला टेकलेली. उजव्या हाताने कामे करणाऱ्यांचा डावा पाय घ्या. त्यांनाच दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून कडे करायला सांगा आणि पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती लावायला सांगा. कडे पुरत नसेल तर बहुधा चिंता नाही. कडे सैल पडून फट राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा. पायावर सूज असली तर ही तपासणी फसवते, हे ध्यानात ठेवा. दुसरी तपासणी घड्याळाची. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा करायला सांगा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद उतरली आहे असे आशियाई तज्ज्ञ मानतात. ही करवताना शेजारी उभे राहा.

पाच प्रश्नांचीही मर्यादा सांगतो. बेरीज चारपेक्षा कमी आली म्हणजे निश्चिंत व्हावे असे नाही. सुरुवातीची झीज त्या प्रश्नांतून पुष्कळदा सुटते. उलट वजन भराभर उतरत असेल तर मधुमेह, टीबी, थायरॉइड, कर्करोग यांची तपासणी आधी व्हायला हवी. प्रत्येक वाळलेला माणूस सार्कोपेनियाचा नव्हे.

उपाय महागडे नाहीत. टॉनिकच्या बाटल्या आणि ताकदीचे सलाईन यांनी मांस भरत नाही. मांस भरते ते त्याला काम दिल्याने. रोज बाजेवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला धरून टाचा उचलणे, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन वर-खाली करणे, झेपेल तसे वाढवत नेणे. हृदयाचा त्रास असेल तर आधी विचारून करावे. आणि काम दिले की खाणेही हवे. वृद्धांनी दर किलो वजनामागे रोज एक ग्रॅम ते सव्वा ग्रॅमच्या आसपास प्रथिने खावीत असे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला पन्नास-साठ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, पेलाभर दुधात तितकेच, मूठभर शेंगदाण्यांत सात, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. आपल्या जिल्ह्यात सोयाबीनची पोती बाजारात जातात आणि घरात म्हातारी माणसे भाकरी पाण्यात कुस्करून खातात! दळणात थोडे सोयाबीन मिसळले तरी फरक पडेल, मात्र ते आधी भाजून घ्यावे. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

त्या आजी आज वॉकर धरून अंगणात फिरतात. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण मुलाचे त्या हंगामाचे सोयाबीन तिच्यातच गेले आणि वेचणीला जाणाऱ्या आजी आता दारात बसून इतरांना जाताना पाहतात. परवा गोळ्या घ्यायला आल्या तेव्हा मी नव्या कागदावरचा प्रश्न विचारला, “आजी, मागच्या पोयापासून कुठी घसरल्या, बसल्या, तोल गेला काय?” त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “आता बराबर इचारलं जी.”

वाचकहो, आज रात्री जेवताना आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना हाच प्रश्न विचारा. ‘पडलात का’ असे विचारू नका, जड काय जाते ते विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.